अव्वाच्या शेजारची जागा

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात. नांदेडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा स्टाफरूममध्ये हे मला कितीदा तरी सांगावं लागलं, आणि दर वेळी ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हायचा. आम्ही लिंगायत. खड्डा खोदायचा, त्याच्या भिंतीत कोनाडा करायचा, माणसाला उत्तरेकडं तोंड करून त्यात बसवायचं, त्याच्या हातात त्याचं जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग द्यायचं आणि भस्म, बेलाची पानं, मीठ घालून माती लोटायची. लाकूड नको, रॉकेल नको, धूर नाही. पर्यावरणाचं म्हणाल तर आमच्या वाडवडलांनी तुमच्या आधीच सगळं करून ठेवलंय, असं मी मान वर करून सांगायची. एकदा इतिहासाच्या मॅडमनी विचारलं, "मग जागा कशी पुरते हो तुम्हाला?" त्यावर मी उगाच वह्या तपासायला घेतल्या.

कारण जागा पुरत नव्हती. आमचं गाव उदगीरपासून अर्ध्या तासावर. ओढ्याच्या काठाला आमची रुद्रभूमी, म्हणजे समाजाची दफनभूमी, अवघी वीस गुंठे. पूर्वी नुसते मातीचे उंचवटे असायचे. चार पावसाळ्यांत ते जमिनीला लागायचे आणि तिथंच पुढच्या पिढीची सोय व्हायची. पण हातात पैसा खेळायला लागला तशी प्रत्येकाला आपल्या म्हाताऱ्याची समाधी बांधायची हौस आली. सिमेंटचा ओटा, त्यावर फरशी, फरशीवर कळस, भोवती स्टीलचं रेलिंग. एकानं तर पायऱ्यासुद्धा केल्या. जिवंतपणी जो माणूस दुकानाच्या फळीवर अंग चोरून बसला, तो मेल्यावर दहा बाय दहात मावेना. उरलेल्या जागेत प्लास्टिकचे हार, थर्माकोलच्या महिरपी आणि कुजायचं नावच न घेणाऱ्या चकचकीत शाली.

मी निवृत्त होऊन आठ दिवस अव्वा-अप्पांकडं, म्हणजे आई-वडलांकडं, राहायला गेले होते तेव्हा टेलर काकांनी मला गाठलं. हे अप्पांचे लंगोटीयार, अप्पांपेक्षा चार वर्षांनी मोठे आणि रुद्रभूमीच्या समितीचे अध्यक्ष. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर. ग्रामसेवकानं सांगितलं होतं, नियम लिहून आणा, ग्रामसभेत मंजूर करून घ्या, मग कुंपण आणि नळ देतो. "तू झाडाझुडपाची मास्तरीण," काका म्हणाले, "तूच लिव. आमी अंगठा मारताव."

नियम लिहायला मला आवडतं, हे कबूल करून टाकते. दहा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. माझ्या हातात कागद आला की आपोआप अनुक्रमांक पडतात. मी एका बैठकीत मसुदा केला. ओढ्याकडच्या मोकळ्या तुकड्यात सहा-सहा जागांच्या ओळी आखायच्या. सिमेंट, फरशी, लोखंड बंद. अंगावर फक्त सुती कापड. अखेरच्या यात्रेचं विमान, म्हणजे ज्यात बसवून नेतात ती मखराची पालखी, बांबूची आणि केळीच्या खुंटांची. ओट्याऐवजी प्रत्येक समाधीवर एक झाड. आणि शेवटचा नियम असा की जागा नंबरानं मिळेल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तशी कुणी जागा धरून ठेवायची नाही.

महादेवाच्या देवळात मी हे सगळं खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. झाडाच्या नियमावर लोकांनी माना डोलावल्या. शेवटच्या नियमावर मागून एक आवाज आला, आणि तो आमच्या अप्पांचाच होता.

"मंग माझं आन् तुझ्या अव्वाचं काय?"

"काय म्हणजे?"

"शेजारी शेजारी जागा पायजे आमाला."

"अप्पा, नंबरानं येईल ती जागा."

"आतापस्तोर एका घरात ऱ्हायलाव ते काय नंबर लावून ऱ्हायलाव का?"

सगळी सभा हसली. अव्वा बायकांत बसली होती, तिनं पदर तोंडावर घेतला. मीही हसले आणि नियम मंजूर करून घेतला. वडलांना सूट दिली असती तर बाकीच्यांनी रुमालच काय, सतरंज्या टाकल्या असत्या.

पण अप्पांचं ते बोलणं थट्टेचं नव्हतं. त्यांनी आयुष्यात कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. ऐंशी ओलांडलेला माणूस, किराणा दुकान दादाच्या हाती देऊन मोकळा झालेला. गोडधोडाची आवड नाही, कपड्याची नाही, देवदेवाचीही बेताचीच. अव्वा उठून आत गेली की मात्र दोन मिनिटांत "कुठं गेली गं?" सुरू. मेल्यावर तिच्या शेजारी बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती माझ्या शेवटच्या नियमाखाली आली होती.

दीड वर्षानं अव्वा गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता. मी नांदेडहून पोचले तेव्हा तिला भिंतीला टेकवून बसवलेलं होतं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि दारात दादा माझ्याच वाटेकडं डोळे लावून उभा.

"मी अव्वाची समाधी बांधणार," तो म्हणाला. "काळ्या दगडाची. तुझा नियम तुझ्याजवळ ठेव."

मला रडायलाही सवड मिळाली नाही. राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, बांधू दे. आपली आई आहे. तेवढ्यात अप्पा आतून म्हणाले, "पोरीनं गावाला लिवून दिलंय. आपल्याच घरापासून मोडलं तर ती त्वांड कुठं दाखवंल?" दादानं दगडाचा विषय सोडला. पण तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आता मिठाचं सांगायला हवं. गावात आमच्यातलं कुणीही गेलं की अप्पा दुकानातून जाड्या मिठाची एक गोणी त्या घरी पाठवायचे. निरोपाची वाट बघायची नाही, हिशेबाच्या वहीत लिहायचं नाही. ही त्यांची सेवा होती, आणि गाव ती धरूनच चालायचं. अव्वाच्या वेळी त्यांनी गोदामातल्या सगळ्या गोण्या काढायला लावल्या. चार होत्या. टेलर काका हळूच म्हणाले, "अरे, एक लई झाली." अप्पांनी ऐकलं नाही. चौथ्या गोणीची शिवण त्यांनी स्वतः उसवली आणि ओंजळीओंजळीनं मीठ आत सोडत राहिले, ती मिठात बुडून दिसेनाशी होईपर्यंत. मी शेजारीच उभी होते. मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक, आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

अव्वाला पहिल्या ओळीतली पाचवी जागा मिळाली होती. सहावी रिकामी होती, तिच्या पश्चिमेला, कुंपणाला लागून. नियमाप्रमाणे पुढचा माणूस तिथं बसायला हवा होता. पण त्यानंतर एका घरात माणूस गेलं आणि त्या घरानं, कुणी न सांगता, दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली. "ती अप्पाची हाय," एवढंच म्हणाले. अध्यक्षांनी आकाशाकडं बघितलं. मी नियमाची आई, मीही आकाशाकडं बघितलं. माझ्याच नियमाची ही चोरी मला मनातून फार आवडली होती.

अव्वावर आम्ही बेल लावला. अप्पा रोज सकाळी नळावरून कळशी भरायचे आणि वाटेत दोनदा टेकत तिथवर न्यायचे. दोन महिन्यांत बेलाची पानं कडेनं करपली आणि रोप उभ्या उभ्या वाळलं. दुसरं लावलं, तेही गेलं. मग कडुनिंब लावला. कडुनिंब म्हणजे मराठवाड्यातलं निर्लज्ज झाड, रस्त्याच्या डांबरातून उगवतं. तोही वाळला. बाकीच्या समाध्यांवरची झाडंही खुरटलेली, पिवळी. लोकांनी आधी शेळ्यांना शिव्या दिल्या, मग नर्सरीवाल्याला, मग मला. "मास्तरीणबाईंची झाडं कागदावरच बरी," असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला. दोघीतिघी बायका कुजबुजल्या की अव्वाचा जीव कशात तरी अडकलाय. ते अप्पांच्या कानावर गेलं.

त्यानंतर ते कळशी दुप्पट वेळा न्यायला लागले. मला फोनवर विचारायचे, "तू शिकलीस न्हवं? सांग की, का लागंना? तिला नगं आसंल का?" मी म्हणायची, काळी माती आहे, पाणी धरून ठेवते, मुळं कुजत असतील, कमी घाला. पुस्तकातली उत्तरं. फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग यायचा.

उन्हाळ्यात गेले तेव्हा एकटीच रुद्रभूमीत गेले. अव्वाच्या समाधीवर वाळक्या काटकीभोवती पांढरी साय धरली होती. आधी वाटलं, अप्पांनी भस्म टाकलंय. बोटानं उचललं. भस्म मऊ असतं, हे खरखरीत होतं. मी ते जिभेवर ठेवलं. खारट.

तीस वर्षं, दर जूनमध्ये, मी पोरांना बटाट्यात खड्डा करून त्यात मीठ घालायला लावलं होतं. बघा, मीठ कसं बटाट्यातलं पाणी ओढून घेतं. परासरण. परीक्षेला हमखास. आणि त्याच बाईनं मिठाच्या गोणीवर झाड लावायचा नियम करून अख्ख्या गावाकडून अंगठे घेतले होते. एका गोणीनं इतरांची झाडं खुरटली, चार गोण्यांनी अव्वाचं जगलंच नाही. त्यात अप्पांची कळशी. पाणी खाली जायचं, मिठाला भेटायचं आणि उन्हानं वर यायचं. जेवढं ते प्रेमानं पाणी घालत होते, तेवढं मीठ वर येत होतं.

हे त्यांना कसं सांगायचं? मी आधी टेलर काकांना सांगितलं. काकांनी गळ्यातली टेप काढून गुंडाळली. मग आम्ही दोघं मठातल्या स्वामींकडं गेलो. आमचे अंत्यविधी हेच करतात. मला वाटलं होतं मीठ म्हटल्यावर ते उसळतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "झाडाला किती चालंल?"

"शून्य चालेल, महाराज."

"शून्य लोक ऐकणार न्हाईत. भस्म आन् बेल सुटणार न्हाई. मीठ मूठभर घाला. गोणी कुणी सांगितली होती? मी तर न्हाई."

मी काकांकडं बघितलं, काकांनी माझ्याकडं. गोणी आमच्या अप्पांनीच सुरू केली होती. मूठभर मिठाच्या रिवाजाला एका किराणा दुकानदारानं आपल्या मोठ्या मनानं पोत्यापर्यंत नेलं होतं.

नियम बदलायला पुन्हा देवळात सभा भरली. अप्पा खांबाला टेकून बसले होते. मी नुसतं शास्त्र सांगायचं ठरवलं होतं, कुणाचं नाव घ्यायचं नाही. बटाट्याचंच उदाहरण दिलं. जिथं मीठ पडलंय तिथं झाड येणार नाही, इथून पुढं समाधीत मूठभरच मीठ, आणि झाडं कोऱ्या मातीत लावू, असं म्हणाले. बोलताना अप्पांकडं बघायचं टाळत होते. पण ते उभे राहिले.

"म्हंजे माझ्या मिठानं वाळलं."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांबवर ऐकू येत राहिला. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण हा माणूस आयुष्यभर तराजू धरून बसलेला; मापात मारलेलं त्यांना लगेच कळायचं.

"हाव, अप्पा," मी म्हणाले. गावाच्या बोलीतच तोंडातून आलं.

"तिला नगं होतं आसं न्हाई मंग."

"नाही अप्पा. तिचा काही संबंध नाही."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. मला वाटलं होतं ते कोसळतील. उलट त्यांचा चेहरा सैल झाला. वर्षभर हा माणूस मनात काय घेऊन कळशी वाहत होता, ते मला तेव्हा कळलं. बायको रुसलीय असं धरून चालला होता बिचारा. मी पुस्तकातली उत्तरं देत बसले होते आणि त्यांना एवढं एकच विचारायचं होतं.

"किती वर्सं लागणार न्हाई तिथं?"

"सांगता येत नाही. बरेच पावसाळे जावे लागतील."

"दुपारचं लई ऊन लागतंय तिला," ते म्हणाले. मग, जसं गिऱ्हाइकाला वरच्या फळीवरचं सामान दाखवावं तसं हात करून, "ती शेजारची जागा हाय की. सहावी. तिथं मीठ पडलेलं न्हाई. तिथं लावा बेल. मावळतीकडं हाय, दुपारच्याला सावली बरोब्बर तिच्या अंगावर पडती. मी बघितलंय."

"अप्पा, ती तुमची जागा."

"नियमात कुठं लिवलंय माझी म्हणून?"

दादा मागं उभा होता, त्यानं तोंड फिरवलं.

"मी जातो नंबरानं," अप्पा म्हणाले आणि खाली बसले.

मी सभेत रडले. रेक्टर असताना कुणी मला रडताना बघितलं नव्हतं. टेलर काकांनी सभा आटोपती घेतली, आणि इतिवृत्तात "सर्वानुमते" असं लिहिताना मला अक्षर दिसत नव्हतं.

सहाव्या जागेवर बेल लावून आता दुसरा पावसाळा होतोय. रोप लागलं. नवी पालवी आली तेव्हा दादानं मला फोटो पाठवला, खाली एक अक्षर न लिहिता. तेवढ्यावर मी समजून घेतलं की आमचं भांडण संपलं. दुकानातून गोणी जायची बंद झाली. आता कुणी गेलं की अप्पा वाटीभर मीठ आणि शेणखताचं पोतं पाठवतात. आतापर्यंत तशी वेळ एकाच घरावर आली; शेणखत दारात आलं तेव्हा त्या घरच्यांनी पोतं उघडून दोनदा वास घेतला.

मागच्या दिवाळीत मी आणि अप्पा संध्याकाळचे तिकडं गेलो होतो. मी बेलाभोवतीचं गवत काढत होते. वळून बघते तर अप्पा दुसऱ्या ओळीत, अव्वाच्या बरोबर मागं, गवतात मांडी घालून ताठ बसलेले. हात मांडीवर, तोंड उत्तरेकडं.

"अप्पा! हे काय करलालाव?"

"बघू दे गं. हितनं दिसती का ते बघलालो."

"मग? दिसते का?"

"दिसती की. समोरच हाय. झाड मधी येत न्हाई." ते खूश दिसत होते. "ही पाचवी जागा. दुसऱ्या ओळीत दोघं झाले. आजून दोघं गेले की नंबर माझा. शेजारी न्हाई तर न्हाई, पाठीमागं."

मी हात दिला, त्यांना उठवलं. धोतराला चिकटलेली कुसळं झटकली. त्यांना म्हणावंसं वाटलं की असं हिशेब करून कुणी मरतं का, पण माणूस इतका समाधानात होता की मी त्यांचा हात धरून घराकडं वळले.

गावात आमच्यातले अप्पांपेक्षा वयानं मोठे आता दोघंच, टेलर काका आणि वरच्या आळीची एक आत्या. नांदेडहून रोज संध्याकाळी मी फोन करते तेव्हा अप्पा स्वतःची तब्येत सांगतच नाहीत, आधी या दोघांची सांगतात. टेलरनं आज दोन भाकरी खाल्ल्या. आत्याच्या गुडघ्याची सूज उतरली. गेल्या महिन्यात काकांना खोकला धरला, दोन दिवस ताप. अप्पांनी दादाला दुकान बंद करायला लावलं, काकांना गाडीत घातलं आणि स्वतः उदगीरला डॉक्टरकडं घेऊन गेले. औषधाच्या वेळा पाळायला सकाळ-संध्याकाळ त्यांच्या घरी जाऊन बसायला लागले. काका बरे झाले, पुन्हा मशीनवर बसले.

मला चेष्टा करायची हुक्की आली. म्हटलं, "अप्पा, असं लोकांना बरं करत सुटलात तर तुमचा नंबर लांबेल."

"लांबू दे की," ते म्हणाले. "बेल आजून कंबरेयेवढाच हाय."